हवामान केंद्राचा आकडा आणि हेलिपॅडवरील प्रत्यक्ष वारा : पडताळणी कशी करावी

मराठवाड्यात हवामान केंद्राची चर्चा होते ती बहुतेक पावसाच्या आकड्यावरून. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनामे, अनुदान, पीकविमा अशी सगळी गणिते त्या एका आकड्याभोवती फिरू लागतात; त्यामुळे पर्जन्यमापक बिघडला तर गावात लगेच ओरड होते. त्याच खांबावरील वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या महिनोन्महिने अडकून पडल्या तरी मात्र कोणी तक्रार करत नाही, कारण त्यांच्यावर कोणाचे पैसे अवलंबून नसतात. पुरात अडकलेल्या माणसांना काढण्यासाठी किंवा अत्यवस्थ रुग्णाला हलवण्यासाठी हेलिकॉप्टर यायचे ठरते, तेव्हा वैमानिकाला पहिला प्रश्न पडतो तो याच दुर्लक्षित वाऱ्याचा.

सप्टेंबर 2021 मध्ये मांजरेच्या पुरात आणि सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातील परांडा परिसरात हेलिकॉप्टरने माणसे बाहेर काढावी लागली. अशा प्रसंगी उतरण्याची जागा विमानतळ नसते. शाळेचे मैदान, बाजार समितीचे आवार किंवा गावाबाहेरचा माळ हीच जागा असते. विभागातील नियमित प्रवासी विमानसेवा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर आणि नांदेडला आहे. इतरत्र प्रशिक्षित हवामान निरीक्षक समोर उभा असेलच असे नाही. प्रस्तुत मार्गदर्शन ग्राम महसूल अधिकारी, तहसीलच्या आपत्ती कक्षातील कर्मचारी, आपदा मित्र, शिक्षक आणि ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर यांच्यासाठी आहे, कारण ‘तिकडे हवा कशी आहे’ हा फोन त्यांपैकीच कोणाला तरी येतो.

एक मर्यादा आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. विमान वाहतुकीसाठीचे अधिकृत हवामान वृत्त भारत हवामान विभागाकडून येते, उड्डाणाचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे असतात आणि उतरायचे की परतायचे हा निर्णय वैमानिकाचा असतो. महसूल मंडळांत बसवलेली महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे शेतीसाठी आहेत, विमानांसाठी नव्हेत. गावातील माणसाचे काम अंदाज देण्याचे नसून डोळ्यांना दिसलेले आणि तपासून घेतलेले तेवढेच सांगण्याचे आहे. बंद पडलेल्या केंद्राची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही, कारण ते बंद आहे हे सर्वांना दिसते. धोका आहे तो चालू दिसणाऱ्या आणि चुकीचा आकडा देणाऱ्या केंद्राचा.

आधी आकड्याची वेळ पाहावी

संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर दिसणारा आकडा आत्ताचा आहे असे गृहीत धरू नये. मोबाइलची रेंज गेली तर केंद्रातील नोंदयंत्र माहिती साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर पाठवते. दरम्यान पडद्यावर शेवटचा जुना आकडाच दिसत राहतो. म्हणून तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय तापमान किंवा वारा वाचूच नये. विमानतळांची हवामान वृत्ते जागतिक प्रमाणवेळेत असतात, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. वृत्तात 0300 असेल तर ती आपल्याकडील सकाळी साडेआठची वेळ होय.

रोज पहाटे माहिती तुटते आणि नऊ-दहा वाजता पुन्हा सुरू होते, असे दिसल्यास दोष बहुधा बॅटरीत असतो. सौर पट्टीवर धुळीचा थर बसलेला असतो, बॅटरी जुनी झालेली असते, रात्रभर ती कशीबशी तग धरते आणि सूर्योदयापूर्वी दम सोडते. हिवाळ्यात गोदावरी आणि मांजरेच्या काठी धुके दाटते ते नेमके याच वेळी. सोयाबीनच्या मळणीच्या हंगामात जवळच मळणी यंत्र चालू असेल तर पट्टी आठवड्यात मळते. ती मऊ ओल्या कापडाने पुसण्यास संबंधित यंत्रणेची परवानगी घेऊन ठेवावी.

वारा : येथे सर्वाधिक वेळ द्यावा

वेग मोजणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारा वातकुक्कुट ही दोन स्वतंत्र उपकरणे आहेत व ती स्वतंत्रपणे बिघडतात. वाट्यांच्या धारव्यात (बेअरिंगमध्ये) धूळ गेली की त्या जोराच्या वाऱ्यात फिरतात, पण मंद वाऱ्यात अडकतात. ही खोड ओळखण्यासाठी झाडाकडे पाहावे. कडुनिंबाची पाने नुसती सळसळत असतील तर वारा ताशी 6 ते 11 किलोमीटर असतो; पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, देवळावरची हलकी पताका फडकत राहत असेल तर 12 ते 19; धूळ व कागदाचे कपटे उडू लागले तर 20 ते 28; आणि लहान झाडे बुंध्यापासून डोलू लागली तर 29 ते 38. पताका फडकत असताना पडद्यावर शून्य दिसत असेल, तर पताकेवर विश्वास ठेवावा.

दिशेची चूक अधिक फसवी असते, कारण चुकीची दिशा दाखवणारे यंत्रही अगदी नीट काम करताना दिसते. वातकुक्कुटाचा उत्तर दिशेचा खुणेचा बिंदू खऱ्या उत्तरेला लावलेला असावा लागतो. दुरुस्तीनंतर खांब पुन्हा उभारताना तो थोडा फिरला, तर पुढची सर्व माहिती तेवढ्या अंशांनी चुकते. हिवाळ्यात एखाद्या निरभ्र दिवशी उभ्या ओळंब्याची सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. मात्र ती भारतीय प्रमाणवेळेच्या बारा वाजता पडत नाही. मराठवाडा प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेस असल्याने ती साडेबाराच्या आसपास पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत हा प्रयोग करू नये, कारण त्या काळात सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. रात्री ध्रुवताऱ्याच्या दिशेने खांबावरून ओळ धरली तरी हे काम होते.

त्यानंतर जागा पाहावी. जागतिक हवामान संघटनेच्या मानकानुसार वारा मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवर मोजायचा असतो आणि जवळचा अडथळा स्वतःच्या उंचीच्या किमान दहापट अंतरावर असावा लागतो. शेतीसाठीच्या केंद्रांत वारा बरेचदा दोन-तीन मीटरवरच मोजला जातो. दोन मीटरवरील वेगाला साधारण 1.33 ने गुणले की मोकळ्या गवताळ जमिनीवर 10 मीटरचा अंदाज येतो, म्हणजे खाली 18 असेल तर वर सुमारे 24. केंद्राच्या तिन्ही बाजूंना पुरुषभर वाढलेला ऊस असेल तर मात्र हा गुणाकारही निरुपयोगी ठरतो. तो आकडा उसाच्या फडातील हवेचा असतो, मैदानाचा नव्हे. लागवडीच्या वेळी योग्य असलेली जागा आठ महिन्यांनी अयोग्य होऊ शकते, आणि हे तपासणीच्या कागदावर सहसा येत नाही.

काळ्या जमिनीची एक खास अडचण आहे. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, त्यामुळे उथळ पायाचा खांब दोन-तीन हंगामांत कलतो. खांबापासून काही पावले दूर उभे राहून ओळंबा डोळ्यांसमोर धरावा आणि काटकोनातील दोन बाजूंनी खांबाची कड त्याच्याशी जुळते का ते पाहावे. खांब कलला असेल तर वाट्या आडव्या फिरत नाहीत, आणि त्याच खांबावर पर्जन्यमापक असल्यास त्याच्या आतील पाणी ओतणाऱ्या डुगडुगत्या वाट्याही पातळीत राहत नाहीत. पावसाच्या तक्रारीचे मूळ कधी कधी असे पायात असते. पर्जन्यमापकात पाणी ओतून परीक्षा घेण्याचा मोह मात्र टाळावा. तो प्रयोग अधिकृत तंत्रज्ञच करतो, अन्यथा कोरड्या दिवशी पावसाची नोंद होऊन नवेच प्रकरण उभे राहते.

तापमान : पाच अंशांच्या चुकीची किंमत

तापलेली हवा विरळ असते, आणि विरळ हवेत हेलिकॉप्टरच्या पात्यांना व इंजिनाला दोघांनाही कमी बळ मिळते. लातूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,080 फूट उंच आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या गणितासाठी गृहीत धरलेल्या ठरावीक हवेत, या उंचीवर साधारण 11 अंश तापमान धरले जाते. मे महिन्यात ते 42 असेल तर फरक 31 अंशांचा होतो. दर अंशाला सुमारे 120 फूट या ढोबळ नियमाने 3,720 फूट मिळवले, तर यंत्राच्या दृष्टीने ती जागा 5,800 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर असते. केंद्राने 42 ऐवजी 37 दाखवले तर सहाशे फुटांची चूक होते आणि किती वजन उचलता येईल याचे गणित तेवढ्याने बिघडते.

25 मे 2017 रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले; सुदैवाने सर्व जण वाचले. त्याच्या बऱ्याच आधी, 26 एप्रिल 1993 रोजी, चिकलठाण्याहून भर दुपारी उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि 55 जणांचा मृत्यू झाला. त्या अपघाताचा दोष वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्यावर आणि रस्त्यावरील वाहतूक न रोखल्यावर ठेवण्यात आला, तापमानावर नव्हे. तरीही उन्हाळ्याच्या दुपारी भरलेले विमान जमिनीपासून हळू वर येते, आणि अशा वेळी तार, झाड किंवा ट्रक यांच्यासाठी उरणारी जागा कमी होते, एवढे या दोन तारखांवरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तापमापकाच्या चुका दोन दिशांनी होतात. संवेदकावरच्या पांढऱ्या तबकड्या मळल्या, त्यांत कोळ्याची जाळी झाली किंवा गांधीलमाशीने पोळे केले की वारा आत खेळत नाही आणि शांत उन्हात आकडा वर जातो. रात्री मात्र तोच आकडा शेजारच्या केंद्राशी जुळतो. दिवसा चूक आणि रात्री बरोबर, ही या दोषाची खूण आहे. दुसरी चूक अधिक घातक आहे. ओलिताच्या पिकात उभे असलेले केंद्र आसपासच्या माळापेक्षा थंड आकडा देते, तर हेलिकॉप्टर उतरणार असते उघड्या मुरमावर किंवा काँक्रीटवर. पहिल्या चुकीमुळे फार तर एखादा माणूस कमी नेला जाईल. दुसऱ्या चुकीमुळे नको तेवढे वजन उचलले जाईल. म्हणून केंद्र बागायतीत आहे की जिरायतीत, हे आकड्याबरोबर सांगणे आवश्यक आहे.

पडताळणीसाठी शेजारच्या दोन-तीन मंडळांची केंद्रे, जवळचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वेधशाळा यांचे त्याच वेळचे आकडे पाहावेत. पावसाचा फरक एका शिवारातही होतो, त्यावरून केंद्राला दोष देऊ नये. तापमान मात्र सपाट प्रदेशात निरभ्र दुपारी एवढे उड्या मारत नाही. सलग आठवडाभर एकच केंद्र चार-पाच अंशांनी वेगळे दिसत असेल तर ते संशयास्पद मानावे.

हवेचा दाब

दाबाचा आकडा गावातून वैमानिकाला कळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वैमानिक उंचीमापकात भरतो तो समुद्रसपाटीवर आणलेला दाब, आणि केंद्राच्या पडद्यावर असतो तो बहुधा त्या जागेचा प्रत्यक्ष दाब. लातूरच्या उंचीवर प्रत्यक्ष दाब साधारण 935 ते 945 हेक्टापास्कल असतो, समुद्रसपाटीचा प्रमाण दाब 1013.25. दोहोंचा घोळ झाला तर काय होईल हे सांगायला नको. पण पाच हेक्टापास्कलची किरकोळ वाटणारी चूकही उंचीत सुमारे 140 फुटांचा फरक करते, आणि ढग खाली असताना 140 फूट म्हणजे गावातल्या पाण्याच्या टाकीहूनही जास्त उंची. दाब जवळच्या विमानतळाच्या अधिकृत वृत्तातूनच घेतला जावा.

दाबमापक जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत मात्र आहे. आपल्या अक्षांशांत शांत हवेच्या दिवशी दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक होतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. ही लाट तीन-चार हेक्टापास्कलची असते. आलेखात ती दिसत नसेल आणि रेषा सपाट असेल, तर यंत्र थिजले आहे.

किती दूरचे दिसते

गावाकडच्या बहुतेक केंद्रांवर दृश्यमानता मोजणारे उपकरण नसते. दृष्टीच्या भरवशावर उडणाऱ्या विमानासाठी कमी उंचीवर सर्वसाधारणपणे 5 किलोमीटर दृश्यमानता अपेक्षित असते, तेव्हा पाच किलोमीटरवर काय आहे हे आधीच माहीत असले पाहिजे. अमेरिकेतील अलास्का राज्यात अनेक वस्त्यांना रस्ताच नाही, छोटी विमाने हाच त्यांचा रस्ता, आणि तेथील स्वयंचलित केंद्रांची माहिती दूरसंचार तुटल्याने वारंवार अडते. त्यावर तेथील विमान प्रशासनाने हवामान कॅमेरे बसवले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या ताज्या चित्राशेजारी स्वच्छ दिवशी घेतलेले चित्र असते आणि त्यावर डोंगर, खिंडी यांची अंतरे लिहिलेली असतात. वैमानिक दोन्ही चित्रे ताडून पाहतो.

हीच पद्धत आपल्याकडे मोबाइलने विनाखर्च करता येते. पाऊस पडून गेल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी, नियोजित हेलिपॅडच्या मध्यावर उभे राहून आठही दिशांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकात ओळखू येणारी वस्तू निवडावी : जलकुंभ, देवळाचे शिखर, साखर कारखान्याचे धुराडे, उच्चदाब वाहिनीचा मनोरा, बालाघाटाची एखादी टेकडी. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेतील अंतर मोजून ते छायाचित्रावर लिहावे. एका दिशेला एक किलोमीटरची, दुसरी तीनची आणि तिसरी पाच-सहाची खूण मिळाली तर उत्तम. हे संच तहसीलच्या आपत्ती कक्षात आणि दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असावेत, कारण प्रसंग आल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

ढगांच्या उंचीसाठीही हीच टेकडी उपयोगी पडते. गावापेक्षा 200 मीटर उंच टेकडीचा माथा ढगात गेला असेल, तर ढगाचा तळ साडेसहाशे फुटांच्या आत आहे. हे वाक्य कोणत्याही अंदाजापेक्षा मोलाचे आहे. दुपारच्या कापशी ढगांसाठी तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते) यांतील फरकाला 125 ने गुणून मीटरमध्ये उंची काढता येते, पण पावसाळी झाकोळलेल्या आभाळाला किंवा धुक्याला हा नियम लावू नये. दाट धुक्यात उभे असताना केंद्र 70 टक्के आर्द्रता दाखवत असेल, तर त्या केंद्राचा दवबिंदूही खोटाच समजावा.

हेलिकॉप्टर येणार असेल तेव्हा

हेलिपॅडवर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याने फुगून दिशा दाखवणारी कापडी नळी, लावणे हे सर्वांत खात्रीचे काम आहे. जमिनीवरील हेलिपॅडसाठी आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिची लांबी 2.4 मीटर, मोठे तोंड 0.6 मीटर आणि लहान तोंड 0.3 मीटर असते. ती मंडप, इमारत किंवा झाडाच्या आडोशाला लावू नये, अन्यथा ती आडोशातला भोवरा दाखवते. ती मिळाली नाही तर सुरक्षित अंतरावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करण्याची जुनी पद्धत चालते, मात्र धूर उतरण्याच्या वाटेवर येऊ देऊ नये. टँकरने मैदानावर भरपूर पाणी मारावे; फक्कीने आखलेला ‘एच’ त्याआधी नव्हे, तर नंतर आखावा. कोरडी धूळ उडाली की जमिनीपासून शेवटच्या काही फुटांत वैमानिकाला काहीच दिसत नाही, आणि तेथे कोणतेही हवामान केंद्र उपयोगी पडत नाही.

एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत पश्चिमेकडे लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस स्वतंत्र नेमावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पण ढगातून खाली कोसळणारी थंड हवा ढगाच्या पुढे धावते, त्यामुळे डोक्यावर ऊन असतानाही वारा काही मिनिटांत पूर्ण उलटू शकतो. क्षितिजावर धुळीची भिंत दिसली किंवा अचानक गार झुळूक आली, तर तोच क्षण कळवण्याचा आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी सरासरी आकडा पाठवणाऱ्या केंद्रात हा झोत उशिरा किंवा बोथट होऊन दिसतो.

माहिती सांगताना वेळ आधी, मग दिसलेले, मग मोजलेले आणि शेवटी माहीत नसलेले, हा क्रम ठेवावा. नमुना असा : ‘सकाळी नऊ चाळीस. वारा पश्चिमेकडून येतो आहे, विंडसॉक अर्धी उचलली आहे, मधूनच झोत येतो. उत्तरेचा जलकुंभ, अडीच किलोमीटर, स्पष्ट दिसतो. पश्चिमेचे धुराडे, सहा किलोमीटर, दिसत नाही. दक्षिणेच्या टेकडीचा माथा ढगात आहे. वीज किंवा गडगडाट नाही. मैदानाच्या पूर्वेला विजेची तार आहे. मंडळाच्या केंद्राचा आकडा सव्वाआठचा आहे, तो जुना आहे. दाब माहीत नाही.’ वारा कोणत्या दिशेकडून येतो तेच सांगावे, कोठे जातो ते नव्हे. ‘हवा चांगली आहे, या’ असे आश्वासन, समोर कितीही मोठा अधिकारी उभा असला तरी, देऊ नये.

दोषांची वही

केंद्रात दोष आढळला तर तोंडी सांगून भागत नाही. मंडळाचे नाव, दोष पाहिल्याची तारीख व वेळ, केंद्राचा आकडा, त्याच वेळी डोळ्यांनी पाहिलेली स्थिती आणि खांबाचे दोन बाजूंनी काढलेले छायाचित्र एवढे जोडून तालुका कृषी अधिकारी व तहसील कार्यालयाकडे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. कुंपणाच्या आत जाऊन स्वतः काही खोलू नये. दुरुस्ती झाल्यावरही लगेच निर्धास्त होणे बरे नव्हे, कारण खांब फिरण्याची चूक नेमकी दुरुस्तीतच होते. किमान आठवडाभर सकाळ-दुपार झाडाची हालचाल, शेजारची केंद्रे आणि दाबाची दैनिक लाट यांच्याशी ताडून पाहावे, आणि त्यानंतरच वहीत ‘वापरण्यायोग्य’ अशी नोंद करून तारखेसह सही करावी. तोपर्यंत आपत्ती कक्षातील फलकावर त्या केंद्राच्या नावासमोर ‘तपासणी चालू’ असे लिहिलेले राहू द्यावे.